खालच्या शेताचं पाणी

४ मार्च

ठिणगे,

बोट विकू नका.

पत्राची सुरुवात खुशालीने करायची असते हे मला ठाऊक आहे. पण चार वर्षं तू माझी खुशाली विचारलेली नाहीस आणि मी आहे तशी ठणठणीत आहे, तेव्हा तो भाग सोडून देऊ. काल मामी आल्या होत्या. चहाचा कप हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही दोघांनी बोट, दोर, तराफे सगळं विकायला काढलंय आणि थंडीच्या आधी समुद्रापार जायचं ठरवलंय. तुझ्या नवऱ्याचा, आमच्या जावईबापूंचा, चुलतभाऊ कुठल्याशा गोदामात आहे, तिथे. तू गोदामात! खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणार! जिला घरात बसवायला दाराला बाहेरून कडी लावावी लागायची, ती. मला हसूच आलं. मामी गेल्यावर मात्र नाही आलं.

मामी म्हणाल्या, खाडीत दोर सोडून तुम्ही वाढवता ते शिंपले दोरावरच मरतात. उन्हाळा आला की खाडीचं पाणी हिरवं होतं, मग वास सुटतो, आणि वर ओढलेल्या दोराला नुसती उघडी कवचं लटकत असतात. आणि तू म्हणे सगळ्यांना सांगतेस, हे माझ्या बहिणीच्या शेतातून येतं. अगं, माझ्या काठापासून तुझ्या खाडीपर्यंत नदी किती गावं ओलांडते ते कधी नकाशात पाहिलंस? मध्ये शहराची गटारं आहेत, साबणाचा कारखाना आहे. पण नाव घ्यायला तुला सख्खी बहीणच सापडली.

आणि त्या दिवसाचं म्हणशील, तर जावईबापूंनी मेलेल्या शिंपल्यांची टोपली माझ्या जेवणाच्या टेबलावर ओतली, तीही भर पाहुण्यांत. मी त्यांना टेबल धुवायला सांगितलं. तू ताटावरून उठलीस आणि त्यांच्याबरोबर निघून गेलीस ती आजवर. माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे. जो ओततो त्याने धुवावं.

तरीपण एक हंगाम थांबा. मी बघते. मी मनावर घेतलं आणि झालं नाही असं कधी झालेलं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तुझी ताई


२६ मार्च

ठिणगे,

उत्तर आलं नाही. नको देऊस. माझं लिहिणं काही अडत नाही.

आमच्याकडे शेतकी खात्यातून एक मुलगी येते. पाठीवर पिशवी, पिशवीत बाटल्या. पुलाखाली, वळणावर, माझ्या काठाला, जिथे तिथे वाकून नदीचं पाणी भरून नेते. आम्ही तिला बाटलीवाली म्हणतो आणि ते तिलाही माहीत आहे. इतकी वर्षं मी तिला फाटकातूनच वाटेला लावायचे. या वेळी आत बोलावलं. खुर्ची दिली. म्हटलं, सांग बाई एकदा काय ते, पण आकडे नकोत.

तिने सांगितलं ते असं. पिकाला लागतं तेवढं खत पीक खातं. उरलेलं पाण्याबरोबर नदीत उतरतं. नदीतलं शेवाळ त्यावर माजतं. मग ते मरतं, तळाला बसून कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतं. मासे-शिंपले विषाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. मी म्हटलं, "म्हणजे माझं खत इतकं चांगलं आहे की नदीलासुद्धा लागू पडतं!" ती हसली नाही. कामाच्या वेळी ती हसत नाही.

बाबांचं समाधानाचं पोतं आठवतं तुला? हिशेबाने बसतील तेवढी पोती टाकायची, आणि सगळ्यांवर एक जास्तीचं. "पीक मागत नाही गं, पण मला झोप लागते," म्हणायचे. मीही तेच करत आले. बाटलीवालीने विचारलं, "ते वरचं पोतं जातं कुठे?" मी म्हटलं, "समाधानात." ती म्हणाली, "नदीत."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण यंदा ते पोतं बंद केलं. शिवाय नदीच्या काठाने गवताचा रुंद पट्टा पेरलाय. शेतातून वाहून येणारं पाणी त्या गवतात अडतं आणि खत गवत खाऊन टाकतं, अशी त्यातली योजना. मका पेरायची जागा मी गवताला दिली! ट्रॅक्टर चालवणाऱ्या लंबूने मला तीनदा विचारलं, "बाई, नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की, आणि चौथ्यांदा विचारलंस तर पट्टा आणखी रुंद करीन."

हे मी तुमच्यासाठी करत नाही. माती वाहून जाते म्हणून करते. एवढं जावईबापूंना वाचून दाखव.

ताई


१८ मे

ठिणगे,

पट्ट्याची बातमी देते. बी उगवलं, पण गवत पिवळं पडलं. केविलवाणं, उंचीला खुजं. शेजारचा डुकरं पाळणारा बांधावर उभा राहून रोज सकाळी विचारायचा, "काय बाई, यंदा काविळीचं पीक घेतलंय का?" मी पंचवीस वर्षं शेती करते. माझ्या हातचं काही पिवळं पडलेलं या पंचक्रोशीत कोणी पाहिलेलं नाही. आणि नदीचा काठ म्हणजे पुलावरून जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना दिसणारी जागा.

तेव्हा मी लंबूला सांगितलं, पट्ट्यावर दोन पोती युरिया मार. आठवड्याभरात असं गवत आलं म्हणून सांगू! गुडघाभर, काळंभोर हिरवं. डुकरंवाल्याचं तोंड बंद. असा पट्टा अख्ख्या नदीकाठाला दुसरा नाही, हे मी तुला लिहून देते. फोटो पाठवत होते, पण तू फाडशील.

बोटीला गिऱ्हाईक आलंय म्हणे. मामी म्हणाल्या. त्याला म्हणावं, घाई नाही.

ताई


१६ जून

ठिणगे,

हसून घे. बाटलीवाली हसली तर तू का मागे राहायचं?

ती आली, पट्टा पाहिला, म्हणाली, "किती सुंदर वाढलंय, काय केलंत?" मी अभिमानाने सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली ती काठावर बसलीच. हसता हसता म्हणाली, "बाई, ज्याने खत अडवायचं, त्यालाच तुम्ही खत घातलंत?" लंबू दुसरीकडे तोंड फिरवून उभा होता. त्याची पाठ हलत होती.

मला राग आला आणि मी तिला चहा न विचारता परत पाठवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण तूच सांग, पिवळं दिसलं की खायला घालायचं, हे आपल्या हाडात आहे. बाबांनी भिंतीवर उगवलेल्या रोपालासुद्धा उपाशी ठेवलं नसतं.

आता पुढचं. गेल्या आठवड्यात मोठा पाऊस झाला. त्यानंतर चार दिवस कडक ऊन पडलं. पाचव्या सकाळी मी वळणाच्या डोहावर गेले, जिथे तू मला पोहायला शिकवलंस. थोरली मी, पण पोहायला शिकवणारी तू. पाणी इतकं घट्ट हिरवं होतं की तळ सोड, हात बुडवला तर बोटं दिसेनात. मासे वर आले होते. सगळे. तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत होते. लहान मोठे एकाच जागी, आणि मी काठावर होते तरी एकही पळाला नाही. दुपारपर्यंत पांढरी पोटं वर आली.

मी रडणाऱ्यातली नाही, तुला माहीत आहे. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. साबणाचा कारखाना माझ्या खालच्या अंगाला आहे, ठिणगे. शहरही खालच्या अंगाला आहे. डोहाच्या वर फक्त मी आहे आणि तो डुकरंवाला. आणि त्याची जमीन माझ्या निम्मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाटलीवालीला निरोप पाठवून बोलावून घेतलं. चहाही दिला. आता पट्ट्याला कोणी काही घालणार नाही. पिवळा तर पिवळा.

पण मला एक कळत नाही. एवढा दाट पट्टा, निदान थोडं तरी अडायला हवं होतं. तिच्या बाटल्या म्हणतात, काहीच अडलं नाही. ती पण डोकं खाजवते आहे.

ताई


३ ऑगस्ट

ठिणगे,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी दोन ओळी! पोस्टमननेही आधी उलटसुलट करून पाहिलं.

"पाणी गवतातून जातच नाही. बाबांच्या नळ्यांतून जातं. विसरलीस?"

वाचून मी अंगणातच खाली बसले. इथेच घोडं पेंड खात होतं आणि मी काठावर गवत पोसत बसले होते.

विसरले नव्हते गं. आपलं खालचं शेत दलदल होतं, बाबांनी जमिनीखाली निचऱ्याच्या मातीच्या नळ्या घातल्या आणि पाणथळीचं सोन्यासारखं शेत केलं, हे तर मी आल्यागेल्याला सांगते. पण त्या नळ्या अजून चालू आहेत, आणि माझं खत घेऊन पट्ट्याच्या खालून सरळ नदीत जाताहेत, हे डोक्यातच आलं नाही. ज्या गोष्टीचा अभिमान असतो तिच्याकडे आपण कधी संशयाने बघत नाही. बाटलीवालीला तुझं कार्ड दाखवलं. तिने कपाळावर हात मारला. माझ्या नाही, स्वतःच्या.

ती म्हणते, नळ्या बंद केल्या की खालचं शेत पुन्हा पाणथळ होईल. आणि पाणथळ जागेतला चिखल हे खत जिरवून टाकतो, पट्ट्याच्या कितीतरी पट. म्हणजे बाबांनी जे मोडलं तेच औषध होतं. हे ऐकून मला बरं वाटलं असं समजू नकोस. त्या शेताने आपल्याला वाढवलं. तुझं शिक्षण, माझं लग्न, मग मी सासरहून परत आल्यावर माझं उभं राहणं, सगळं त्या एका तुकड्यावर. आजही निम्मा मका तिथेच येतो.

म्हणून मी तिला म्हटलं, विचार करते. चार दिवस केला. पाचव्या दिवशी कुदळ घेऊन गेले.

एक नळी सापडली, तीही लंबूचा पाय आत गेला म्हणून. बाकीच्या कुठे आहेत देव जाणे. काठावरची तोंडं गाळाने आणि झुडपांनी झाकलीत. बाबांनी कागदावर कधी काही काढलं नाही, सगळं डोक्यात. मी तेव्हा वसतिगृहात राहून शहाणी होत होते. उताराची दोरी धरून त्यांच्याबरोबर चिखलात कोण उभं असायचं? तू. कोणती नळी कुठून निघते, कुठे वळते, हे या जगात आता एकाच माणसाला माहीत आहे आणि ते गोदामात जायला निघालंय.

ये. माफीसाठी बोलावत नाही, मागायलाही नाही आणि द्यायलाही नाही. काम आहे म्हणून बोलावते.

ताई


२० सप्टेंबर

ठिणगे,

तुझं दुसरं कार्ड. "ते शेत जाईल. कायमचं. चालेल?"

चालेल.

ताई

मका काढून झाला की ये. उंच बूट आणू नकोस, बाबांचे आहेत, तुला बसतील.


३० ऑक्टोबर

जावईबापू,

तुम्हाला माझं पत्र म्हणजे आश्चर्यच असेल. घाबरू नका. तुमची बायको सुखरूप आहे, फक्त ती काय रंगाची आहे हे सध्या चिखलामुळे सांगता येत नाही.

ती आली त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पिशवी ओसरीत टाकली, बाबांचे बूट चढवले आणि तडक शेतात. मी आणि लंबू मागे. बाटलीवाली आपल्या बाटल्या सांभाळत त्याच्या मागे. ठिणगी मधोमध उभी राहिली, डोळे मिटले, मग एका अंगाला चालत गेली आणि टाच आपटून म्हणाली, "इथे." आम्ही खणलं. नळी. पुन्हा चालली. "इथे." नळी. तिसऱ्या वेळी नव्हती. तर म्हणाली, "बाबांनी इथे चूक केली होती, उतार उलटा गेला, मग बाजूला घेतली." हातभर सरकून खणलं, तर तिथे. लंबूने टोपी काढून तिला सलाम केला. मलासुद्धा इतक्या वर्षांत केला नव्हता.

आम्ही सगळ्या नळ्या शोधल्या. प्रत्येक ठिकाणी तुकडा काढून चिकणमाती ठोकून भरली. मी स्वतः ठोकली. बाबांनी घातलेल्या नळ्या दुसऱ्या कुणाच्या हाताने फोडून घेणं मला पटलं नसतं. त्यानंतर पाऊस झाला आणि पाणी चढलं. आता खालच्या शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी उभं आहे. मक्याची खुंटं वर दिसतात, तीही थोड्या दिवसांत कुजतील. मला काही वाईट वाटलेलं नाही. एका तुकड्याचं काय एवढं? वरचं शेत आहे, गाई आहेत, हातपाय आहेत.

मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. बाटलीवाली म्हणते, नदीच्या तळाशी इतक्या वर्षांचं साठलेलं आहे, ते एका हंगामात जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुमचे शिंपले पुन्हा मरतील, कदाचित त्याच्या पुढच्याही. आणि मी एकटीने नळ्या बंद करून सगळी नदी शुद्ध होत नाही, हेही कळतं मला. पण या अंगाला सगळ्यात मोठी जमीन माझी आहे. माझं बघून चौघं हलतील, आणि जे हलणार नाहीत त्यांच्या मागे मी लागेन. डुकरंवाल्यापासून सुरुवात केली आहे. काल त्याच्याकडे गेले, डुकरांच्या खतासाठी पक्की टाकी बांधून घे म्हटलं. तो म्हणाला, "बाई, काविळीवर औषध सापडलं वाटतं." मी उठले नाही. जेवणाची वेळ झाली तरी उठले नाही. शेवटी बघतो म्हणाला. त्याच्या तोंडून "बघतो" काढायला त्याच्या बायकोला वीस वर्षं लागली होती.

बोटीचा निर्णय तुमचा. मी त्यात बोलणार नाही. म्हणजे बोलले आहे, मार्चपासून बोलतेच आहे, पण आता पुरे. मला एवढंच सांगायचं होतं, की तुम्ही टोपली घेऊन आलात तेव्हा मला तुमचा राग आला होता तो ओतल्याचा नव्हता. टोपलीत जे होतं ते मी ओळखलं होतं, त्याचा होता.

तिला आठवड्याने पाठवते.

तुमची मेहुणी


ता. क.

अहो, ही मी. ताई पाकीट आणायला गेली आहे तेवढ्यात लिहिते.

तिने लिहिलंय त्यात बरंच फुगवलेलं आहे. टाच वगैरे मी आपटली नाही. लंबूने टोपी घामासाठी काढली होती. आणि मी आल्या दिवशी एक शब्द बोलले नाही हेही खोटं आहे, फाटकातच आम्ही अर्धा तास भांडलो. चार वर्षांचं साठलेलं होतं.

वाईट वाटलं नाही म्हणते. रोज सकाळी चहाच्या आधी ती बांधावर जाते आणि त्या पाण्याकडे बघत उभी राहते. हाक मारली तर ऐकू येत नाही. आत येते तेव्हा डोळे लाल असतात आणि आल्या आल्या लंबूवर ओरडते. काल मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

मी आठवड्याने येत नाही. महिनाभर तरी लागेल. बोटीसाठी तो माणूस पुन्हा आला, तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.